फाटकापर्यंत

पणजीने नवऱ्याचा मार मुकाट सोसला, आजीने ओठ चावून, आईने दार लावून. सुतारकाम करणारी ही पणती मात्र ओरडत असे. मग खालच्या काकू झाडूच्या दांड्याने छत ठोकत आणि तिच्या नवऱ्याचा हात थांबे. म्हणून त्याने शहरापासून तासाभरावरच्या गावात सुटे घर पाहिले.

"रोजची ये-जा होईल. आणि ठोकायला काकू नाहीत, बाईसाहेब!" तिला घर दाखवत तो म्हणाला.

त्याला फाटकाशी उभे करून ती आतल्या खोलीत गेली आणि जिवाच्या आकांताने किंचाळली.

"ऐकू आलं?" बाहेर येऊन तिने विचारले.

"छे, काही म्हणजे काही नाही," तो हसला.

"मग येऊ या राहायला."

पहिल्याच संध्याकाळी त्याने कमरेचा पट्टा काढला. तिने हातोडा उचलला. चार पिढ्यांचे देणे एकरकमी फिटले. त्याची एकही किंकाळी फाटकापर्यंत पोहोचली नाही.