घोट

तुळशीरामचा कोरडा खोकला जाईना, म्हणून त्याची लेक समीक्षा बुलढाण्याहून ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारं यंत्र, घेऊन आली. तिनं टाकी भरली, झाकण घट्ट फिरवून ती यंत्रावर उलटी बसवली आणि पिन लावली. गार, पांढरी वाफ निघाली. तेवढ्यात टाकीत कुणी घोट घ्यावा तसा आवाज झाला. घटक.

"काई नाही बाबा, पाणी खाली उतरून राह्यलं."

तुळशीराम खाटेवर उठून बसला. काही वर्षांपूर्वी याच खाटेवर मरताना त्याची थोरली बहीण पाणी मागत होती. "आधी वावराच्या कागदावर अंगठा दे, मंग पाणी," असं त्यानंच म्हटलं होतं. अंगठा उठला, पण तांब्या येईपर्यंत तिचा जीव गेला. मग रीत म्हणून त्यानं तिच्या तोंडात पाणी घातलं, तर ते सगळं बाहेर ओघळलं.

घटक. घटक.

"बंद कर ते."

समीक्षानं पिन काढली. वाफ थांबली, घोट थांबले नाहीत. टाकी कोरडी पडली तेव्हाच ते थांबले.

तुळशीरामची जीभ टाळूला चिकटली. "मले पाणी दे, माय."

तिनं भरलेला पेला त्याच्या तोंडाशी नेला. त्याच्या ओठांना थेंबही लागला नाही.

घटक.

समीक्षानं रिकाम्या पेल्यात पाहिलं आणि हसली. "एवढी तहान लागली होती काय, बाबा?"