खिडकी सोडून वळलेले ट्युलिप

बुलढाण्याच्या साहेबानं बजावलं होतं, विलायतेहून मडम येईपर्यंत फुलदाणीतले सात ट्युलिप टिकले नाहीत, तर पुंजाजीचं माळीकाम गेलं.

पुंजाजीनं वारलेल्या बापाची रीत धरली. देठ तिरपे कापले, पाण्यात तांब्याचा पैसा टाकला. फुलं टिकली.

कापलेले ट्युलिप उजेडाकडं वळतात. हे मात्र पहिल्या दिवशी फाटकाकडं वळले, दुसऱ्या दिवशी व्हरांड्याकडं.

“अवो, खिडकी इकडे हाय, हे तिकडं काऊन पाहून राह्यले?” बायकोनं, वच्छलाबाईनं, विचारलं.

“विलायती हायेत. त्याईचा कायदा येगळा.”

तिसऱ्या दिवशी पुंजाजी पाणी बदलायला वाकला. सातही फुलं त्याच्या पाठीमागं पाहत होती.

दारातल्या वच्छलाबाईनं घाईघाईनं डोक्यावर पदर ओढला. सासरा गेल्यापासून तिनं असा पदर कुणापुढं घेतला नव्हता.