नानांचं भाषण

माझ्या वडिलांना, आप्पांना, शुगर निघाली तेव्हा त्यांचे थोरले भाऊ, चुडामण नाना, पारोळ्याहून मुद्दाम आले. “गोया फेकी दे रे, कडू निंबना रस पे. बठ्ठं बरं व्हई जाई,” म्हणाले. थोरल्याचा शब्द आप्पांनी कधी मोडला नव्हता. गोळ्या त्याच दिवशी उकिरड्यावर पडल्या. दिवाळीआधी आप्पा गेले.

गंधमुक्तीला, सुतक फिटायच्या दिवशी, मांडवात माईक लावला होता. श्रद्धांजली वाहता वाहता नाना पुन्हा रसावर आले. पुढच्या रांगेत माझे मामा, तेही शुगरचेच, मान डोलावत ऐकत होते. तेवढ्यात नानांच्या बायकोनं, वच्छला काकूंनी, मला बाजूला ओढलं आणि मुठीत काहीतरी दिलं. “शुगरनी गोयी शे, जेवाना पहिले रोज लागस तुना नानासले. हळूच दे माय, कोनले दिखू दिऊ नको.”



मी पाण्याचा ग्लास घेऊन माईकपाशी गेले आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल इतपत माईककडे वाकून म्हणाले, “नाना, आधी तुमची रोजची शुगरची गोळी घेऊन घ्या. आप्पांसारखं व्हायला नको.”