उतरवलेलं प्रवचन

फादर बावतीस मजुरांच्या हक्कांवरची चर्चची शिकवण वर्षानुवर्षं रिकाम्या बाकांना सांगत आले होते. धाकट्या फादर मेल्विनने तीच मोबाइलवर सांगितली आणि अख्खी वसई ऐकू लागली. त्यामुळे सरकारी आदेशाने मेल्विनचं मिठागरांतल्या मजुरांवरचं प्रवचन इंटरनेटवरून उतरवलं गेलं, तेव्हा बावतीसना आतून बरंच वाटलं.

"आता आमच्या बाजूनं कोण बोलणार, फादर?" मिठागरात राबणाऱ्या सांतानबाईने विचारलं.

"मी," ते बोलून गेले.

रविवारी त्यांनी वेदीवरून मेल्विनचं तेच उतरवलेलं प्रवचन शब्दन् शब्द वाचलं. शेवटी लोक टाळ्या वाजवत उभे राहिले, पण सगळ्यांची तोंडं मागच्या बाकावरच्या मेल्विनकडे होती. बावतीस मनातून जळाले. तरीही मिस्सा संपल्यावर त्यांनी मेल्विनला गाठलं.

"पुढच्या रविवारचंही लिहून दे. मी वाचतो."