पंधरावा फर्मा

मिस्त्रीने कटिंग मशीन चार बोटं सरकवलं आणि खालून सोळा पानं बाहेर आली. धुळीने माखलेली, पण शाबूत. बाइंडरने फुंकर मारली. पहिल्या पानाच्या तळाला बारीक आकडा होता, पंधरा. पंधरावा फर्मा. छापखान्यातून एकत्र घडी होऊन येतात ना सोळा पानं, तो फर्मा. त्याने पहिली ओळ वाचली आणि पानं उजेडात धरली. ही तर ती कादंबरी! अख्ख्या गावाने डोक्यावर घेतलेली, वाचनालयातली. सहा वर्षांपूर्वी त्यानेच जुनी शिवण उसवून नव्याने बांधलेली. चौदा फर्म्यांची.

तो वाचत सुटला. पाचव्या पानावर ओरडलाच, "परत येते रे!"

"कोण?" मिस्त्री दचकला.

"नायिका! पुढच्याच धक्क्यावर बोटीतून उतरते, चालत परत येते आणि घड्याळवाल्याशी लग्न करते!"

"मग बरंच झालं की," मिस्त्री म्हणाला. "मशीन उचलू का?"

बरं कसलं! गावात प्रत एकच, आणि कादंबरी छापायची कधीच बंद झालेली. गावाच्या मते नायिका बोटीत बसते, मागे वळून बघत नाही, खलास. चौदावा फर्मा नेमका पूर्णविरामावर संपत होता. खाली 'समाप्त'सुद्धा नाही. लोक म्हणायचे, बघा, याला म्हणतात लेखक, शेवट करतच नाही! सिनेमे निघाले तीन. पहिल्यात ती पाण्यात उडी मारून परत येते, दुसऱ्यात गाणं म्हणत, तिसऱ्यात हेलिकॉप्टरने. तिन्हींना गावाने सहा वर्षं शिव्या घातल्या होत्या. आणि आज पाच वाजता वाचनालयात जंगी वाद होता, कादंबरी श्रेष्ठ की सिनेमे. निकाल ग्रंथपाल बाई देणार होत्या.

बाई म्हटल्यावर त्याने फर्मा मिटला. सहा वर्षांपूर्वी त्या बाई नव्हत्या, नुसती ती होती, वाचनालयात मदतीला. हीच कादंबरी बांधायला देताना तिने विचारलं होतं, "मला बाहेरगावी नोकरी लागलीय. जाऊ का थांबू?" हा "पुस्तक घेऊन येतो, तेव्हा सांगतो," एवढंच म्हणाला. दोन दिवसांनी घेऊन गेला. तिने शेवटची पानं चाळली, "कळलं" म्हणाली आणि आठवड्यात गेलीसुद्धा. याने तोंडही उघडलं नव्हतं. आपल्या चेहऱ्यावरून ओळखलं तिने आणि नको म्हणाली, असं धरून हा गप्प बसला. दोन वर्षांनी ती ग्रंथपाल होऊन परत आली. तेव्हापासून अहो-जाहो. उरलं काय, तर महिन्याला गठ्ठाभर फाटकी पुस्तकं आणि वर तिच्या हातची चिठ्ठी. ही पानं दाखवली की तेही जाणार.

पानं शेगडीत टाकली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. पण मग ती भर सभेत चुकीचा निकाल देणार. उद्या कुठून तरी दुसरी प्रत निघणार आणि लोक तिला हसणार. छे! तो अंगातल्या चिकट शर्टासकट पळत सुटला.

वाचनालयात पेन्शनर काका गरजत होते. "तरुणपणी तीनदा वाचलीय मी ही कादंबरी! तीनदा! सिनेमावाल्यांनी मुडदा पाडला तिचा!"

"अहो, परत आलेली बरी वाटते माणसाला," टॉकीजवाले मामा कळवळून सांगत होते.

"चूक माझी!" बाइंडर दारातूनच ओरडला. "शेवटचा फर्मा शिवायचाच राहिला! ती परत येते! पायी!"

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. मग मामा खुर्चीवर चढले. "काय हो काका, तीनदा ना? तिन्ही वेळा शेवटाला डोळा लागला वाटतं?" आणि असा हशा उसळला की कपाटांच्या काचा वाजायला लागल्या.

बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी त्याच्या हातून फर्मा घेतला, खुणेने त्याला आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लोटलं.

"काम काढून घेणार असाल तर घ्या," तो एका दमात म्हणाला.

"राहिला?" ती फर्म्याकडेच बघत होती. "काढला नव्हतास?"

"काढेन कशाला? माझं लक्ष होतं का ठिकाणावर! तू विचारून ठेवलंस जाऊ का थांबू, आणि मी सुई कागदात घालतोय की बोटात, तेच कळेना!"

"आणि उत्तर काय आणलं होतंस?"

"थांब! दुसरं काय आणणार? जिन्यात चार वेळा म्हणून बघितलं होतं. तोवर तू कळलं म्हणून मोकळी!"

ती हसायला लागली. आधी तोंडावर हात धरून, मग तोही सोडून. टेबलाचा आधार घेतला, तो पुरेना म्हणून याच्या डिंक लागलेल्या बाहीचा घेतला, आणि बाही काही सोडली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अरे गाढवा, मी ती पूर्ण वाचूनच दिली होती तुझ्याकडे! गावाला सांगितलं नाही ते तुझं नाव निघेल म्हणून. बांधून आली, तर नायिका परत येते नेमकी तेवढीच पानं गायब. मी म्हटलं, तोंडाने सांगायचा धीर नाही, म्हणून फर्मा काढून मला जा म्हणतोय."