फुकटचा मिक्सर

"तेवीस!" बापूराव दामल्यांनी प्रिंटरमधून कागद ओढून काढला. "एका सोसायटीत तेवीस गाढवं. विश्रांतवाडीत गवत कमी पडेल."

"अहो, जरा हळू," स्वयंपाकघरातून कौशल्याताई म्हणाल्या.

सापळा बापूरावांनीच लावला होता. टपाल खात्यात छत्तीस वर्षं लोकांचे अर्धवट पत्ते वाचल्यामुळे माणसाच्या अकलेविषयी त्यांना आशा उरली नव्हती. त्यांनी फेसबुकवर एका नसलेल्या कंपनीचं पान काढलं, 'भव्य मोफत मिक्सर वाटप' असं लिहिलं आणि अनोळखी नंबरावरून सोसायटीच्या ग्रुपवर सोडून दिलं. खोटेपणाच्या सगळ्या खुणा मुद्दाम ठेवल्या. पान चार दिवसांचं, कंपनीला पत्ता नाही, वर 'त्वरा करा, दहा जणांना पाठवा' आणि फॉर्ममध्ये जन्मतारखेपासून बँकेच्या नावापर्यंत नको त्या चौकशा. आंधळ्यालाही चाचपता यावं इतकं. तरी लोकांनी उड्या टाकल्या. 'मिक्सर का हवा?' या रकान्यात तर काहींनी काळीज ओतलं.

संध्याकाळी सहाच्या सभेत बापूराव ते सगळं नावानिशी वाचणार होते.

कौशल्याताई दारात आल्या. "पूर्णिमाचा तेवढा काढा. काल तुम्हीच वाचून दाखवलात ना? नवऱ्याचं आजारपण, माहेरून आलेले टोमणे, सगळं लिहून बसलीय. मिक्सर जळला म्हणून पाट्यावर वाटून हिंजवडीच्या पोरांना डबे देतेय ती. चारचौघांत ते वाचलंत तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही तिला."

"फुकटाला भुलायचं आणि वर अब्रूही हवी? अगं, उद्या खरा चोर आला तर..."

मिक्सर घरघरला. बापूरावांनी आवाज चढवला. ते बोलायला लागले की या बाईला नेमकी चटणी सुचते, याची त्यांना सवय होती. त्यांचं बोलणं संपलं आणि मिक्सरही थांबला.

"म्हणजे कुणालाच वगळणार नाही?"

"कुणालाच नाही. वरचा कागद पहिला. आधी उत्तर, मग नाव, लोकांना ओळखू दे. एक शब्द गाळणार नाही."

"बरं," म्हणत त्या चष्मा शोधायला गेल्या.

सहाला पाच कमी असताना बापूराव सदरा चढवत होते, तेवढ्यात कॉम्प्युटर वाजला. चोविसावा फॉर्म! त्यांनी तो छापला आणि न वाचताच गठ्ठ्यावर ठेवला. ताजा मूर्ख सभेतच चाखायचा असं त्यांनी ठरवलं.

हॉल भरला होता. पूर्णिमा मागे भिंतीला टेकून उभी होती, पायाशी रिकाम्या डब्यांची पिशवी. बापूरावांनी आधी खोटी बक्षिसं कशी ओळखावीत ते समजावलं, मग ते पान आपलंच असल्याचं जाहीर केलं. खुर्च्यांवरच्या बऱ्याच माना खाली गेल्या. पूर्णिमाचा चेहरा पांढराफटक पडला. बापूरावांना फार बरं वाटलं.

त्यांनी वरचा कागद उचलला. "ऐका. 'आमच्याकडे चांगला मिक्सर आहे, तरी दुसरा हवा. मिक्सर चालू असला की नवऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही. एकेचाळीस वर्षांत तेवढीच काय ती शांतता मिळाली. आता पहिला मिक्सर थकत चाललाय, नवरा नाही.'"

हॉलमध्ये हशा पिकला. खाली गेलेल्या माना वर आल्या. बापूरावही पोट धरून हसले.

"काय एकेक नग असतात! कोण हो हा बडबड्या?"

"नाव वाचा, नाव!" लोक ओरडले.

शेवटच्या रांगेत कौशल्याताई चष्मा लावून शांत बसल्या होत्या.

"वाचतो की, सोडतो काय!" बापूरावांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "कौशल्या बापूराव दामले."