खण चौथा

"बटण दाबलं की जुना कागद उघडायचा, आता काहीच होत नाही," सिस्टर म्हणाल्या. "ऑपरेशनला घेतलेल्या आजोबांना मागच्या ऑपरेशनला भुलीचं कुठलं औषध सोसलं नव्हतं, ते त्यातच आहे. डॉक्टर थांबलेत."

दवाखान्याचे संगणक बघणाऱ्या निनादने पडद्यावरच्या त्या फॉर्ममागचा कोड उघडला. तो पारखीबाईंचा होता. दवाखान्याचं रेकॉर्ड सांभाळता सांभाळता पुस्तकात बघून कोड लिहायला शिकलेल्या, आता निवृत्त झालेल्या. गेल्या वर्षी तो वाचून त्याला हसू आलं होतं.

स्कॅन केलेली फाईल नव्या संगणकात आलीच नव्हती. पण मग तसा संदेश का येत नव्हता? वरच एक ओळ होती: चूक झाली तरी गप्प राहायचं. ती निनादनेच घातली होती. बाईंचे लांबलचक संदेश त्याला कटकट वाटले होते.

त्याने ती पुसली आणि बटण दाबलं. पडद्यावर चौकट उमटली:

"फाईल सापडली नाही. घाबरू नका. मूळ कागद जिन्याखालच्या कपाटात, खण चौथा, गठ्ठा एकोणीस."

सिस्टर धावत गेल्या आणि कागद घेऊनच आल्या. निनाद मात्र त्या चौकटीसमोर, बाई वर्गात आल्यावर मुलं उभी राहतात तसा, खुर्चीतून उठून उभा राहिला.